तिला मदत म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हवामानबदलाने नुकसान झालेल्या गरीब देशांसाठी जो निधी आहे, त्यावरचा परवाच्या अंकातला अग्रलेख दोनदा वाचला. श्रीमंत देशांची ‘मदत’ अपुरी आहे, तेव्हा गरीब देशांनी हात पसरणं सोडून स्वतःचं बघावं, असा त्याचा सूर. मदत हा शब्द त्यात अकरा वेळा आलाय. पेन्सिलीने खुणा करून मोजला. भरपाई हा शब्द एकदाही नाही.

सगळं घोडं याच शब्दावर अडलंय, म्हणून लिहिते. समुद्र चढून ज्यांची जमीन जाईल त्यांच्यासाठी श्रीमंत देशांच्या वर्गणीतून विमा असावा, ही मागणी प्रशांत महासागरातल्या वानुआतू या छोट्या बेटांच्या देशाने 1991 मध्येच केली होती. 2015 साली हवामानबदलावरच्या पॅरिस करारात नुकसानीचं कलम आलं, तेव्हा सोबतच्या ठरावात लिहून घेतलं गेलं की, या कलमावरून कुणावर जबाबदारी येणार नाही आणि कुणाला भरपाई मागता येणार नाही. हा निधी मान्य व्हायला 2022 उजाडलं. पुढच्या वर्षी दुबईच्या हवामान परिषदेत सगळ्यांनी मिळून कबूल केले सुमारे 70 कोटी डॉलर. त्याआधीच्या वर्षी आलेल्या पुराने एकट्या पाकिस्तानचं नुकसान झालं होतं सुमारे 3,000 कोटी डॉलरचं. आजवर हवेत गेलेल्या कार्बनपैकी जवळपास चौथा हिस्सा ज्या अमेरिकेचा, तिने कबूल केले पावणेदोन कोटी डॉलर, आणि 2025 मध्ये ती निधीच्या मंडळातूनच बाहेर पडली. याला तुम्ही मदत म्हणता?

आमची श्रीवर्धनला बारा गुंठ्यांची वाडी आहे. होती म्हणावं की आहे, हे मला अजून ठरवता येत नाही. 3 जून 2020 ला दुपारी निसर्ग वादळ आलं आणि दोन-अडीच तासांत 180 पोफळी आणि 22 माड आडवे झाले. पोफळी कंबरेतून मोडल्या, माड मुळासकट उलथले. माझ्या सासऱ्यांनी त्यातल्या बहुतेक स्वतःच्या हाताने लावलेल्या. तेव्हा ते 81 वर्षांचे होते. वादळ थांबल्यावर ते पडवीत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “समुद्र दिसतोय.” आमच्या पडवीतून समुद्र कधीच दिसत नव्हता.

पंचनाम्याला आलेला मुलगा भला होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हेक्टरी 50 हजार, म्हणजे बारा गुंठ्यांना सहा हजार, असा त्याने हिशेब सांगितला. पुढे माणसं ओरडली तेव्हा झाडामागे आकडा ठरला, पोफळीला 50 रुपये. सासरे त्याला सांगत होते, ही रोठा सुपारी आहे, नीट लिही. ही चाळीस वर्षांची, ती गेल्या साली धरायला लागलेली. कागदावर झाडाच्या जातीचा रकाना नव्हता आणि वयाचाही नव्हता. शेवटी तो म्हणाला, “आजोबा, ही मदत आहे हो, भरपाई नाही. तुमचं गेलं तेवढं यात धरत नाहीत.” सासरे गप्प झाले. त्यांनी सही केली आणि आत गेले. पडलेली झाडं तोडून वाडीबाहेर काढायलाच मिळालेल्या पैशांच्या तिप्पट खर्च आला, तो आम्ही कर्ज काढून केला. नवीन लावलेली पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. सासरे तेवढे थांबले नाहीत.

म्हणून मोझांबिकची हकीकत वाचली तेव्हा ती मला परकी वाटली नाही. 2019 च्या मार्चमध्ये इडाई वादळाने तिथलं बैरा शहर झोपवलं. लगेच पुढच्या महिन्यात त्या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे 11.8 कोटी डॉलर मिळाले, तेही कर्ज म्हणून. सवलतीचं असेल, पण फेडायचं त्यांनीच. ज्या देशाने हवेत जवळपास काहीच सोडलं नाही, त्याने घर मोडल्यावर ते उभं करायला उधार घ्यायचं!

भारत आज कार्बन सोडण्यात जगात तिसरा आहे, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण माणशी वर्षाचा हिशेब केला तर आपण दोन टनांच्या आसपास आणि अमेरिकन माणूस चौदाच्या आसपास, हेही त्याच परिच्छेदात यायला हवं होतं. एका वादळाचं सगळं खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही, हे मला कळतं. पण अरबी समुद्र तापतोय आणि त्यामुळे इथली वादळं वाढलीत, हे पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगताहेत. तरी तुमच्या अंकात दर वादळानंतर ‘निसर्गाचा कोप’ असाच मथळा असतो. कोप म्हटलं की कुणाकडे हिशेब मागायची सोयच उरत नाही. तो मथळा कृपया बंद करा.

जाता जाता आणखी एक. आपल्या रायगड आवृत्तीत पूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा छापत. दोन वर्षांपासून त्या जागी राशिभविष्य मोठं केलंय आणि तापमान फक्त अलिबागचं येतं. श्रीवर्धन जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला आहे. आमच्या गल्लीत चार घरं तरी अजून मासेमारी करतात आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल नाही. त्या वेळा पुन्हा छापाव्यात, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
श्रीवर्धन, जि. रायगड