चूकसुद्धा उचललेलीच

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या खेळांवरचा लेख वाचला. रागात लिहू नये म्हणून एक दिवस थांबले. राग काही कमी झाला नाही, तेव्हा लिहिते.

त्यात म्हटले आहे, ‘मोनोपॉली’ या जागा विकत घेऊन भाडे वसूल करायच्या पटखेळाचा जनक चार्ल्स डॅरो! मंदीत नोकरी गेलेला गरीब विक्रेता, घरच्या टेबलावर मेणकापड पसरतो, त्यावर चौकोन आखतो आणि लक्षाधीश होतो. ही कहाणी पार्कर ब्रदर्स या खेळाच्या कंपनीने कित्येक वर्षे खेळाबरोबर विकली. आपल्या लेखकमहाशयांनी ती खोक्यातून काढून जशीच्या तशी छापायला दिलेली दिसते. एलिझाबेथ मॅगी या बाईंना ‘लँडलॉर्ड्स गेम’चे पेटंट मिळाले ते १९०४ साली. तेव्हा डॅरो चौदा वर्षांचा पोर होता. गोल फिरणारा पट, भाडे, कोपऱ्यातला तुरुंग, सगळे त्यात होते. आणि बाईंचा हेतू काय, तर जमीनमालक बसल्या जागी कसे गब्बर होतात ते लोकांना कळावे! जमिनीच्या मोलावर कर बसवा म्हणणारा अमेरिकन अर्थचिंतक हेन्री जॉर्ज, त्याच्या विचारांच्या त्या कट्टर अनुयायी. १९३५ मध्ये कंपनीने त्यांचे पेटंट ५०० डॉलरला घेतले, रॉयल्टी शून्य. डॅरोला मात्र रॉयल्टी मिळत राहिली.

पण मला सगळ्यात झोंबते ते मोनोपॉलीच्या पटावरच्या एका घराचे नाव, ‘मार्व्हिन गार्डन्स’. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीजवळच्या ज्या वसाहतीवरून ते घेतले, तिचे खरे नाव ‘मार्व्हन’. डॅरोला हा खेळ ज्यांच्या घरी शिकायला मिळाला, त्या चार्ल्स टॉड यांनी आपल्या पटावर ते चुकीचे लिहिले होते. डॅरोच्या पटावरही अक्षर न् अक्षर तीच चूक! परीक्षेत नक्कल करणारी मुलेसुद्धा याहून सावध असतात.

हे इतके का झोंबते, तर माझ्यावरही हीच वेळ आली होती. नोकरीत असताना मालाच्या नोंदींसाठी मी एक तक्ता तयार केला होता. तीन वह्यांचे काम एका कागदावर आले. घाईत रकान्यांना क्रमांक देताना ९ दोनदा पडला. काही महिन्यांनी तोच तक्ता छापून आला, खाली साहेबांचे नाव, आणि वर ९ दोनदा! वार्षिक सभेत साहेबांना शाल मिळाली, टाळ्या मीही वाजवल्या. नंतर धीर करून ते दोन ९ दाखवले, तर म्हणाले, “बाई, छापखान्याची चूक आहे ती.” पुढच्या छपाईत ९ दुरुस्त झाला. नाव तेच राहिले.

पार्कर ब्रदर्सनेही १९९५ मध्ये ‘मार्व्हिन’बद्दल त्या वसाहतीतल्या रहिवाशांची माफी मागितली म्हणे. स्पेलिंगबद्दल!

राल्फ आन्स्पाख नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने ‘अँटी-मोनोपॉली’ हा खेळ काढला आणि कंपनी त्याच्यामागे लागली, म्हणून तर खटल्यात हे सगळे बाहेर आले. नाहीतर मॅगीबाई कागदपत्रांतच राहिल्या असत्या. १९७७ मध्ये त्या प्राध्यापकाचे सुमारे ४०,००० संच कचराभूमीत गाडले गेले, तरी गडी हटला नाही. १९८३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने कायम झाला. म्हणजे लेख लिहिण्यापूर्वी हे वाचायला आपल्या लेखकाला चाळीस वर्षे मिळाली होती.

आता नावांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आपल्या रोजच्या शब्दकोड्याखाली पूर्वी रचनाकाराचे नाव असे. गेल्या काही महिन्यांपासून ते गायब आहे. जागा वाचवली म्हणावे, तर शेजारची जाहिरात ऐसपैस आहे. पहिले शब्दकोडे १९१३ साली ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांनी दिले, हे आम्हांला आज ठाऊक आहे ते कोणीतरी नोंद ठेवली म्हणूनच ना? आपले कोडे रचणारी व्यक्तीही कुठेतरी बसून चौकटी भरत असेलच.

शिवाय कालच्या कोड्यात उभे ७ ला एक घर कमी आहे. ही चूक कोणाच्या नावावर मांडायची तेवढे कळवावे.

आपली,
एक जुनी वाचक