त्या निवेदनावर सही करू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि ट्रकच्या वजनाची आणि लांबीची मर्यादा वाढवा अशी मागणी करणारं सोबतचं निवेदनही वाचलं. मालवाहतुकीच्या धंद्यात तुझी हयात गेली, त्यामुळे तुझं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. ट्रक मोठा झाला की फेऱ्या कमी, डिझेल कमी, रस्त्यावरची गर्दी कमी. ऐकायला पटतं. पण मला ते मान्य नाही, आणि का नाही ते सविस्तर लिहितो.

आधी रस्त्याचं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात एक मोठी चाचणी झाली. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराचे जवान वेगवेगळ्या वजनांचे ट्रक फिरवत राहिले आणि रस्ता कसा खराब होत जातो ते मोजलं गेलं. त्यातून निघालेला ठोकताळा अभियंते अजून वापरतात: एक्सलवरचा, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसावरचा, भार वाढला की झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार दुप्पट, तर झीज सोळापट.

आता हे भारतातल्या आकड्यांना लावून बघ. 2018 साली चार टायरच्या एक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली आणि दोन एक्सलच्या ट्रकचं एकूण वजन 16.2 वरून 18.5 टन झालं. रिकामा ट्रक 6 टनांचा धरून मी हिशेब मांडला. तेवढाच माल न्यायला फेऱ्या 18 टक्क्यांनी घटतात खऱ्या, पण मागच्या एक्सलखालची दर फेरीची झीज 62 टक्क्यांनी वाढते. दोन्हींचा मेळ घातला तरी रस्ता आधीपेक्षा 32 टक्के जास्त झिजतो. वाचलेलं डिझेल मालकाच्या खात्यात जमा आणि खड्डे सगळ्यांच्या नावावर. हे मला अन्यायाचं वाटतं.

तू म्हणशील, एक्सल वाढवा, भार वाटला जाईल. डांबरापुरतं ते खरं आहे. पुलाचं तसं नाही. पुलाच्या दोन खांबांमधल्या लांब गाळ्यावर ट्रकचं सगळं वजन एकाच वेळी येतं, मग एक्सल पाच असोत की सात. आणि मोठा ट्रक काही फक्त महामार्गावर राहत नाही. कारखान्यातून निघताना आणि गोदामाशी पोचताना तो आडरस्त्यावर उतरतोच. तिथले पूल आपल्या जन्माच्याही आधीचे असतात.

फ्रान्समध्ये मिरपुआ-स्यूर-तार्न इथे नोव्हेंबर 2019 मध्ये काय झालं ते आठव. झुलता पूल, मर्यादा 19 टनांची, आणि त्यावर गेला पन्नासहून अधिक टनांचा ट्रक. पूल नदीत कोसळला. चालक गेला, आणि त्याच वेळी पुलावर असलेल्या मोटारीतली 15 वर्षांची मुलगीही गेली. त्या ट्रकने तिथे जायलाच नको होतं, नियम त्याच्याविरुद्धच होता, हे मला ठाऊक आहे. पण पाटी वाचून प्रत्येक जण मागे वळेल या भरवशावर आपण वाहनं किती जड करत जायची? त्या मुलीचा कुठल्या मालाशी, कुठल्या भाड्याशी काय संबंध होता?

टकरीबद्दलही तू लिहिलं आहेस की ट्रक 49 टनांचा असो वा 55 टनांचा, समोरच्या छोट्या मोटारीचं जे व्हायचं ते होणारच. बरोबर. म्हणून तर प्रश्न टक्कर टळण्याचा आहे. त्याच वेगात 55 टन थांबवायला ब्रेकना 12 टक्के जास्त ऊर्जा शोषावी लागते, आणि घाटाच्या लांब उतारावर ती सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये साठते. ब्रेक तापले की त्यांची पकड सुटत जाते, हे मी तुला काय सांगणार! लांबी वाढली की वळणावर मागची चाकं आणखी आत कापतात, आणि दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करणारा तितका जास्त वेळ समोरच्या लेनमध्ये अडकतो. दोन ट्रेलर जोडले तर अचानक स्टिअरिंग फिरवल्यावर मागचा ट्रेलर पुढच्यापेक्षा जोरात झोला घेतो.

या सगळ्याचा ताण चालकावर येतो. निवेदनात त्याच्यासाठी एक ओळ नाही.

ओव्हरलोडिंग थांबवायलाच मर्यादा वाढवायची, हा तुमचा शेवटचा मुद्दा तर मला मुळीच पटला नाही. जो आज मर्यादेवर चार टन चढवतो, तो उद्या नव्या मर्यादेवर चार टन चढवेल. वजनकाटे लावा, जादा माल तिथेच उतरवायला लावा, दंड चालकाला न करता माल भरणाऱ्याला करा. लांब पल्ल्याचा जड माल रेल्वेकडे वळवायची मागणी करा, तिला माझी पहिली सही.

तुमच्या संघटनेत तुझ्या शब्दाला वजन आहे. बैठकीत हा हिशेब मांड, हवं तर माझं हे पत्रच वाचून दाखव. गणितात कुठे चूक सापडली तर कळव, मी पुन्हा मांडेन. पण तोवर त्या निवेदनावर सही करू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र