अकादमीचे दार कॉलेजांनाही खुले

महोदय,

राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणजे ज्येष्ठ शास्त्रज्ञांचा मानाचा क्लब, असा आपल्याकडे समज आहे. दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेत भारताचे प्रतिनिधित्व करते. हे काम गरजेचे खरे, पण तालुक्याच्या कॉलेजपर्यंत ते पोहोचत नाही. पोहोचू शकतो तो उन्हाळी संशोधन उपक्रम. दिल्ली, बेंगळुरू आणि प्रयागराज इथल्या तीन अकादमी तो मिळून चालवतात. निवड झालेले विद्यार्थी आणि शिक्षक साधारण दोन महिने प्रयोगशाळेत काम करतात.

अर्ज बहुतेक वेळा फसतो तो शिफारसपत्रावर. 'विद्यार्थी हुशार व होतकरू आहे' एवढ्यावर कोण निवडणार? त्याने कोणता प्रयोग केला, मोजमाप कुठे चुकले, चूक कशी शोधली, हे शिक्षकाने चार ओळींत लिहावे. आणि तेही शेवटच्या रात्री नव्हे, तेव्हा संकेतस्थळ हमखास रडते!

सी. व्ही. रामन यांनी 1934 मध्ये स्थापलेल्या बेंगळुरूच्या अकादमीचे 'रेझोनन्स' मासिक 1996 पासून निघते. जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यातले 'क्लासरूम' सदर प्राध्यापकांनी जरूर चाळावे. अडचण इंग्रजीची. निवडक लेखांचे दोन पानी मराठी सार, आकृत्यांसह, अकादमीने विद्यापीठांकडून करून घ्यावे आणि त्यावर मूळ लेखाचा दुवा द्यावा.

– एक वाचक, सातारा