परीक्षणात ढोलकीवाल्याचंही नाव छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी न्यू जर्सीला असतो, इथल्या मराठी मंडळात नाटकं आणि लावणीचे कार्यक्रम आणायच्या कागदपत्रांचं काम बघतो. तुमच्याकडे एक मागणं आहे म्हणून लिहितोय.

भारतातून ग्रुप बोलवायचा तर बहुतेक वेळा पी-3 व्हिसा लागतो, तो एखाद्या संस्कृतीच्या खास कलेसाठी असतो. पिटिशन, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडचा अर्ज, आम्ही इथून टाकायची, करार, दौऱ्याचं वेळापत्रक, इथल्या कलाकार युनियनचं अभिप्रायाचं पत्र असं सगळं जोडून, ते मंजूर झालं की कलाकार मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत इंटरव्ह्यूला जाणार. आणि ही कला खरंच आपल्या मातीतली आहे हे दाखवायला काय लागतं, तर जाणकारांची पत्रं नाहीतर पेपरातली परीक्षणं. म्हणजे तुम्ही जे छापता ते इंग्रजीत भाषांतर होऊन अमेरिकेच्या सरकारी फायलीत जातं!

पण परीक्षणात लेखक, दिग्दर्शक, मुख्य नटांवर भरभरून लिहिलेलं असतं आणि शेवटी "संगीत, नेपथ्य, प्रकाशयोजना पूरक" एवढ्यावर आटपतं. कोणाचं संगीत, कोणाची प्रकाशयोजना, काही नाही. मागे एका लावणीच्या ग्रुपची फाइल करत होतो, त्यातला ढोलकीवाला आख्खं आयुष्य फडावर काढलेला माणूस, पण त्याच्या नावाचं एक कात्रण मिळेना. एक फोटो सापडला, तर त्याखाली फक्त नर्तिकेचं नाव, आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या त्या कात्रणात पेपरचं नाव न् तारीख दोन्ही कापलेलं. ढोलकीशिवाय लावणी होत नाही हे आपल्याला कळतं हो, इथल्या अधिकाऱ्याला कागदावरच दाखवावं लागतं.

बॅकस्टेजवाल्यांचं तर अजून अवघड. लाइट, साऊंड बघणाऱ्यांची सपोर्ट स्टाफ म्हणून वेगळी पिटिशन, वेगळी फी, आणि हाच माणूस का हवा, इथला कोणी का चालणार नाही ते पटवायचं. 1 एप्रिल 2024 पासून पी पिटिशनची फी 460 डॉलरवरून 1015 झाली, आमच्यासारख्या ना-नफा मंडळांना 510, एका पिटिशनमध्ये जास्तीत जास्त 25 नावं, घाई असेल तर प्रीमियमचे अडीच हजार डॉलरच्या वर वेगळे. मग खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कात्री बॅकस्टेजला लागते. नाहीतर कोणीतरी सांगतं टुरिस्ट व्हिसावर या, कोण बघतंय. हे अजिबात करू नये. तिकीट लावलेल्या शोमध्ये पैसे घेऊन काम करणं त्या व्हिसावर चालत नाही आणि इंटरव्ह्यूत खोटं बोललेलं सापडलं तर त्या माणसावर अमेरिकेत यायची कायमची बंदी लागू शकते, सल्ला देणारा मात्र नामानिराळा राहतो.

तेव्हा विनंती एवढीच की परीक्षणाखाली एक छोटी चौकट द्या, त्यात वादक, प्रकाशयोजनाकार, रंगभूषा, कपडेपट, म्युझिक ऑपरेट करणारे, सगळ्यांची नावं आणि प्रयोगाची तारीख, ठिकाण. छापील पानात जागा नसेल तर ऑनलाइन तरी टाका, तिथे जागेची अडचण नाही, आणि जुन्या परीक्षणांच्या लिंक बंद करू नका. नाटकवाल्या मंडळींनाही सांगणं आहे, कात्रण नुसतं कापून ठेवू नका, पेपरचं नाव न् तारीख दिसेल असं आख्खं पान स्कॅन करून ठेवा, आणि आमच्याकडे पाठवायचं ते दौऱ्याच्या सहा-आठ महिने आधी पाठवा.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी