जमिनीवरच्या सौर दुर्बिणी मोडीत काढण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला सूर्यावरचा लेख वाचला. ‘अवकाशयानांमुळे पृथ्वीवरील सौर दुर्बिणींचे दिवस भरले’ हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांचं, आणि ज्यांनी तपासून पुढे सोडलं त्यांचंही, अभिनंदन. हिनोदे उपग्रहावरची प्रकाशीय दुर्बीण ५० सेंटिमीटरची, आयरिस या सौर उपग्रहावरची जेमतेम २०. हवाईत हालेआकालावर ४ मीटरचा आरसा सूर्याकडे रोखलेला आहे; तो कोणी रॉकेटात बसवून दाखवावा. अतिनील आणि क्ष-किरण वातावरण अडवतं, त्यासाठी वर जावंच लागतं, हे मान्य. पण चुंबकीय क्षेत्र बारकाईने मोजायचं तर प्रकाश भरपूर लागतो, आणि तो मोठ्या आरशाशिवाय मिळत नाही. खाली पृष्ठभागावर काय ढवळलं आणि त्यामुळे वर प्रभामंडलात, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या तप्त वातावरणात, काय पेटलं, हे कळायला जमिनीवरच्या आणि अवकाशातल्या दुर्बिणींनी एकाच वेळी एकाच जागी पाहावं लागतं.

आणि घोडं पेंड खातं ते इथेच. माझी उमेदीची वर्षं अशाच एका दुर्बिणीमागे गेली, म्हणून सांगतो. मोठ्या दुर्बिणीला एका वेळी सूर्याचा लाख किलोमीटरपेक्षाही लहान तुकडाच दिसतो. सूर्य मात्र स्वतःभोवती फिरतोय. सूर्यबिंबाच्या मध्याजवळचा सूर्यडाग २४ तासांत दीड लाख किलोमीटर सरकतो. उपग्रहाला आज्ञा आदल्या दिवशीच चढवायच्या असतात, म्हणजे उद्या डाग कुठे असेल त्याचं गणित आजच करून द्यायचं. एका संयुक्त मोहिमेत आम्ही ते चोख करून दिलं. सकाळी हवा इतकी स्थिर होती की उपछायेतले (डागाच्या फिकट कडेतले) तंतू पडद्यावर कोरल्यासारखे दिसत होते. अशी सकाळ मागून मिळत नाही. जागचं कोणी हललं नाही.

संध्याकाळी कळलं की उपग्रहवाल्यांनी आज्ञा चढवण्याआधी ऐनवेळी निशाणा दुसऱ्याच, जास्त खवळलेल्या डागावर वळवला होता. तिथे फ्लेअर (सूर्यावरचा अचानक स्फोट) होईल अशी आशा. झाली नाहीच. आणि आम्हाला कळवायचं? तर म्हणे, ‘मेल राहून गेली.’ आमची ती निरीक्षणं अजून जोडीदाराविना पडून आहेत. ढगांनी दगा दिला असता तर एवढं लागलं नसतं. ढगांना मेल करता येत नाही.

सूर्याभोवती फिरणाऱ्या सोलर ऑर्बिटर यानाच्या बाबतीत तर घड्याळंसुद्धा जुळवून घ्यावी लागतात. ते सूर्याच्या जवळ असताना प्रकाश तिथे लवकर पोचतो, म्हणून तिथल्या कॅमेऱ्याला तोच स्फोट आपल्यापेक्षा पाच-सहा मिनिटं आधी दिसतो. एवढा खटाटोप कशासाठी चालतो, हे त्या लेखकांनी एखाद्या वेधशाळेत फोन करून विचारलं असतं तरी कळलं असतं.

जाता जाता चित्राबद्दल. ‘पार्कर यानाने जवळून टिपलेला सूर्य’ म्हणून जो सोनेरी गोळा छापलाय, तो पार्करचा असूच शकत नाही. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते यान सूर्यापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं खरं, पण त्याचा कॅमेरा बाजूला, सौरवाऱ्याकडे (सूर्यातून सुटणाऱ्या कणांच्या झोताकडे) पाहतो; थेट सूर्याकडे रोखला तर टिकणार नाही. तुमचं चित्र एसडीओ या सौर उपग्रहाने १७१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात घेतलेल्या प्रतिमेसारखं दिसतं, आणि तो सोनेरी रंग संगणकाने भरलेला असतो. चूक दुरुस्ती छापणार असाल तर कृपया शब्दकोड्याखालच्या कोपऱ्यात नको.

आपला,
एक निवृत्त सौर निरीक्षक