तिकडे पारा, इकडे वारा

पक्या,

तुझा व्हॉईस मेसेज ऐकला. "तुझं बरं आहे बे, तू समुद्रावर हवा खाऊन राहिला अन् आम्ही इथं भाजून राहिलो." मागून काकूंचा आवाज पण आला, दार लाव रे झळा येऊन राहिल्या म्हणून. आता याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायला गेलो तर अंगठा दुखेल, म्हणून आज रविवार आहे तर बसून मोठं पत्रच टाइप करतोय. सावकाश वाच, दुपारी कूलरसमोर पडल्या पडल्या.

आधी तुझं. उन्हाला हलक्यात घेऊ नको राजा. आपण लहानपणापासून 44-45 बघत आलो म्हणून आपल्याला वाटतं आपली कातडी गेंड्याची, पण 2024 च्या मे मध्ये आपल्या अकोल्यात उन्हापायी जमावबंदी लावली होती कलेक्टरने, 144 कलम, आठवतंय ना? दंगलीसाठी लावायचे ते कलम उन्हाला लावलं! त्याच आठवड्यात नागपूरच्या एका मशीनने 56 दाखवलं आणि टीव्हीवाल्यांनी दिवसभर तेच दळण दळलं, नंतर सेन्सरचा घोळ निघाला. खरा आकडा काही कमी वाईट नसतो, 23 मे 2013 ला नागपूर 47.9 ला गेलं होतं, ते तर नीट मोजलेलं. तेव्हा बारा ते चार वसुलीला फिरणं बंद कर, साहेबाला काय सांगायचं ते सांग, दुपट्टा बांध, आणि खिशात कांदा ठेवून काही होत नाही, पाणी पी. नवतपा, 25 मे पासूनचे ते तापाचे नऊ दिवस, तर अजून यायचाय.

आता माझं "बरं". मालवणात बदली झाली तेव्हा मलाही वाटलं होतं की बँकेने चुकून बक्षीस दिलं. तर ऐक इथला दिवस कसा असतो. सकाळी सात-आठला हवा एकदम ठप्प. झावळीचं टोकसुद्धा हलत नाही, आंघोळ करून बाहेर आलो की टॉवेल ठेवेपर्यंत परत ओला. साडेदहा-अकराला कुठूनतरी पश्चिमेकडून झुळूक येते, आधी बँकेच्या दारावरचं तोरण हलतं, मग काउंटरवरच्या स्लिपा उडायला लागतात, आणि दोन-तीनला जे सुरू होतं ते सूर्य कलेपर्यंत थांबत नाही. तोपर्यंत दिशा पण फिरलेली असते, पश्चिमेचा वारा वायव्येचा होतो. घरमालक काकांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, वाळत घातलेले कपडे शेजारच्या वाडीत सापडतात, आणि डोळ्यात सगळीकडची वाळू. चष्म्यावर मिठाचा पातळ थर येतो, रुमालाने पुसला की रेघोट्या उठतात, पाण्यानेच धुवावा लागतो. माझ्या गाडीच्या सायलेन्सरला तर बघता बघता गंज चढला.

आणि गंमत म्हणजे ह्या वाऱ्याचा आणि तुझ्या झळांचा संबंध आहे. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते ना आपण, एक गुण एक वाक्य, आणि दोघांनी तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता. जमीन लवकर तापते, समुद्र आळशी, तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत घुसते, तो खारा वारा. रात्री उलटं, जमीन लवकर निवते, मग जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई. हे झालं रोजचं. पण एप्रिल-मे मध्ये त्याच्यावर आणखी एक मोठं प्रकरण चढतं. राजस्थानपासून पार मध्य भारतापर्यंत जमीन इतकी तापते की तिथला हवेचा दाब उतरतो, अरबी समुद्रावर मात्र दाब जास्त, मग अख्ख्या किनाऱ्यावरच वायव्येचा वारा जोर धरतो आणि दुपारचा खारा वारा त्याला जाऊन मिळतो. म्हणजे माझ्या खळ्यातले कपडे उडतात त्यात तुझ्याकडच्या काळ्या मातीचाही थोडा हात आहे.

मग हा वारा तुझ्यापर्यंत का येत नाही विचारशील. मधे सह्याद्री उभा आहे ना बाप्पा. घाट चढून पलीकडे जाईपर्यंत खाऱ्या वाऱ्याचा दम निघतो आणि अकोला तिथून आणखी शेकडो किलोमीटर. तुला मिळतो तो राजस्थान-एमपीकडून जमिनीवरून तापत आलेला कोरडा वारा. त्या कोरडेपणाला आपण शिव्या घालतो, पण त्याच्याच जिवावर आपला कूलर चालतो हे इथे आल्यावर कळलं. इथे कोणाकडे कूलर दिसतच नाही, कारण हवेतच एवढं पाणी आहे की ओल्या जाळीतून आणखी पाणी घेणार कोण. आपला घाम पण तसाच, सुकतच नाही, नुसता निथळतो. तुला आकड्यांची हौस म्हणून हिशोब केला. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असताना तो 23 च्या आसपास उतरतो, आणि इथल्या 34 अंश आणि 70 टक्क्यांत 29 च्या खाली जातच नाही. म्हणजे घामाने अंग किती गार होऊ शकतं त्याची हद्द तुझ्याकडे बरीच खाली आहे. (म्हणून बाहेर फिर असा अर्थ काढू नको, पाणी संपलं की तुझीही गाडी बंद.)

म्हणून किनाऱ्यावरच्या 37-38 ला कोणी हसलं की मला राग येतो. हवामान खातं पण सपाट मुलखात 40 ला पोचल्याशिवाय उष्णतेची लाट म्हणायचा विचार करत नाही, किनाऱ्याला मात्र ती अट 37 ची आहे, ती उगाच नाही. एप्रिल 2023 मध्ये खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उघड्या मैदानावर लोक तासन्‌तास बसले होते, पारा 38 च्या आसपासच होता, 14 जण गेले. 38 म्हणजे आपल्याकडे "आज जरा बरं आहे".

आणि खरी वाट लागते वारा आला नाही त्या दिवशी. कधीकधी, खास करून फेब्रुवारी-मार्चमध्ये, पूर्वेचा गरम वारा घाटावरून खाली उतरतो आणि खाऱ्या वाऱ्याला आत येऊच देत नाही. एरवी अकराला येणारा दोन वाजले तरी येत नाही, तोवर पारा चढत जातो. मुंबईत मार्चमध्ये 41.7 झालेलं आहे 1956 साली, ते असल्याच दिवसांत होतं. इथे अशा दिवशी माणसं सारखी माडाच्या शेंड्याकडे बघतात.

बरं, वारा आला म्हणजे सगळे खूश असंही नाही. घरमालक काकांची देवगडकडे हापूसची बाग आहे, त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुपारी पडवीत बसलो असताना वारा सुटला आणि बागेतून धप्प, धप्प, आवाज यायला लागले. काका जेवता जेवता थांबायचे, कान द्यायचे, मग परत घास घ्यायचे. बोलले काही नाहीत. झाडावरून झेल्याने, म्हणजे काठीला लावलेल्या जाळीने, अलगद देठासकट उतरवलेला आंबा पेटीत जातो, पडलेला आंबा बाजूने मऊ पडतो, तो जातो कॅनिंगला, भाव पार खाली. फांद्यांवर घासून डाग पडतात ते वेगळंच. आणि ऊन जास्त झालं तर आतून साका, वरून पिवळाधमक आंबा आणि कापला की मधे पांढरट रबरासारखा गोळा, बाहेरून काही कळत नाही. म्हणजे ऊन पण नको जास्त आणि वारा पण नको जास्त, आणि मे महिन्यात मिळतं दोन्ही. तौक्ते वादळ मे 2021 मध्ये इथूनच किनाऱ्याकिनाऱ्याने वर गेलं, त्याचा विषय निघाला की काका अजून सरळ उठून आत जातात.

मच्छीवाल्यांचं गणित आणखी वेगळं. आमच्या शाखेत एक खातेदार आहेत, छोटी होडी आहे त्यांची, पहाटे जाऊन वारा वाढायच्या आत परत. पूर्वी शिडं होती तेव्हा तर पहाटेच्या मतलईवर आत जायचं आणि खाऱ्यावर घरी यायचं, इंजिनाचा खर्चच नाही. हवामान खात्याचा इशारा फोनवर येतोच, पण ते आधी पाण्याकडे बघतात. लांबवर पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले की संपलं. मागे मी विचारलं, काका आज जाणार का परत संध्याकाळी, तर म्हणाले, "वारो बघतंस मां? आज नाय जावचा." आणि गप्प पासबुक भरून घेतलं. 1 जूनपासून तर बंदीच लागते, त्यामुळे मे मधला प्रत्येक वाऱ्याचा दिवस म्हणजे त्यांचा कमाईचा दिवस गेला.

आणि टूरिस्ट? दुपारी बारा-एकला रिसॉर्टवरून जेवून येतात, नेमका वारा चढत असतो तेव्हा, आणि तारकर्लीला कमरेपर्यंत पाण्यात उभे राहून रील बनवतात. लाइफगार्ड शिट्ट्या फुंकून फुंकून थकतो. आपलेच विदर्भातले असतात बरेच, गाडीची पासिंग बघून कळतं, एमएच 27, 30, 31. मला जाऊन दोन ठेवून द्याव्याशा वाटतात पण शाखेत डिपॉझिट त्यांच्याकडूनच मागायचं असतं.

तर तू यायचं म्हणत होतास त्याबद्दल. ये, पण मे च्या शेवटी नको. 26 मे पासून किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या, स्कुबा, बनाना राईड सगळं बंद होतं ते 31 ऑगस्टपर्यंत, मग पोरं माझ्या नावाने रडतील. शिवाय पावसाचा नेम नाही, 2025 मध्ये 25 मे लाच देवगडपर्यंत मान्सून पोचला होता, म्हणजे नवतप्याच्या पहिल्याच दिवशी इथे छत्री. दहा ते वीस मे मध्ये बसव. नागपूर-मडगाव गाडी अकोल्याला थांबते, कुडाळला उतर, मी घ्यायला येतो. सिंधुदुर्ग किल्ला सकाळी आठला करू, पाण्यात खेळायचं ते दहाच्या आत, तेव्हा पाणी नितळ पण असतं. दुपारी सोलकढी पिऊन पडवीत झोपायचं आणि चार-पाचला आरवलीकडे कुठेतरी नुसतं वाळूवर बसायचं. पाण्यात कोणी जाणार नाही, वहिनींनाही आत्ताच सांगून ठेव, तिथे आल्यावर वाद नको.

येताना शेगावच्या कचोऱ्या आण, आणि काकूंच्या हातच्या मूगवड्या. इथे घरी वाळवण करायला बसलो तर एक तर वाळत नाही नाहीतर उडून जातं. सुती कपडे आण, जीन्स आणू नको, आणि टोपी आणलीस तर दोरीवाली आण.

तिकीट काढलं की स्क्रीनशॉट टाक, तू मागच्या वर्षीपण नुसतं "काढतो काढतो" करत बसला होतास.

तुझा,
संज्या

ता. क. काकूंना सांग, कूलरची टाकी भरताना आधी प्लग काढायचा. त्या दरवेळी चालू ठेवूनच पाइप लावतात आणि तू बघत बसतोस.