कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या मेसवाल्या मावशींना, माझ्या ताटाबद्दल

ती. मावशींना शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र हातात न देता असं चारचौघांत लिहितोय, कारण हातात दिलं असतं तर तुम्ही ते न वाचताच डाळीच्या डब्याखाली सरकवलं असतं आणि म्हणाला असता, "आधी जेवून घे." आता निदान सूनबाई मोबाईलवर मोठ्यानं वाचून दाखवतील. काका ऐकून न ऐकल्यासारखं करतील. आणि मेसमधल्या नव्या पोरांना कळेल की "मावशी मला कमी वाढतात" ही त्यांची तक्रार किती वरवरची आहे.

आजऱ्याहून शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरीला आलेला माणूस, बायको तिकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत, म्हणून दोन वेळचं जेवण तुमच्याकडं. कंपनीत तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा माझा कागद असा होता: वजन ९४, कंबर १०४ सेंटीमीटर, एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेचा आकडा, ६.१. पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी आणि ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. पुढं म्हणाले, "वजन कमी करा," आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. कसं करायचं हे विचारायला सवडच नव्हती. बाहेर रांग होती, त्यांचाही इलाज नसावा.

तो कागद मी तुमच्या टेबलावर ठेवून जेवलो. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि आत गेलात. एवढंच.

दुसऱ्या दिवशी ताट आलं ते निराळं. अर्ध्या ताटात पोकळ्याची भाजी आणि काकडी-कांद्याची कोशिंबीर. मटकीची उसळ काठोकाठ वाटीभर. भाकरी एक. आमटीवर नेहमीचा लाल तवंग नाही. भात तर कुठंच दिसेना. मागितला तर म्हणालात, "हे संपव की आधी, पळून जातोय व्हय भात?" ते संपेपर्यंत निम्मी भूक गेलेली असायची आणि मग वाटीभर भात यायचा. आजऱ्याच्या माणसाला "भात सोड" म्हणणारे मला पुष्कळ भेटले होते. घरून घनसाळ तांदळाचं पोतं येतं, त्याचा वास दारातून येतो, तो माणूस भात सोडतोय कुठला? तुम्ही सोडायला लावला नाहीत, फक्त शेवटी नेऊन ठेवलात. आधी भाजी आणि उसळ, मग भात-भाकरी, या क्रमानं जेवलं की जेवणानंतर रक्तातली साखर कमी उसळते, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "आमच्या आईची वाढायची रीतच तशी हुती."

सगळ्यात मोठे उपकार मात्र चटणीचे. वजन कमी करायचं म्हणजे उकडलेला दुधी आणि अळणी डाळ, असं माझं ठाम मत होतं, आणि कोल्हापुरात राहून ते कुणाला जमेल? तुम्ही कांदा-लसणाच्या चटणीला हातच लावला नाहीत. खर्डा तसाच, ठेचलेल्या लसणाचा वास तसाच. "तिखटानं कोण जाड हुईत न्हाई रं, तवंगानं हुतंय." मी डिस्पॅचला असतो, आकडेमोडीची खोड आहे, म्हणून हिशेब घातला. एक ग्रॅम तेलाच्या ९ कॅलरी. तवंगातलं पोह्याच्या चमच्यानं दोन चमचे तेल म्हणजे साधारण २४० कॅलरी. ज्वारीची मध्यम भाकरी २०० च्या आसपास. म्हणजे भाकरी मोजत बसणारा मी, वरून ओतून घेतलेल्या कटात, म्हणजे तवंगाच्या रश्शात, आणखी एक भाकरी पीत होतो. मिसळीच्या दुकानात तर कट पुन्हा मागितला की फुकट मिळतो, आणि फुकट मिळालेलं नाही म्हणायची आपल्याकडं पद्धत नाही.

मटणाचं तुम्ही जे केलंत ते आमच्या हिला लिहून हवंय. बुधवार बंद, रविवार चालू, ही तोड पहिली. रविवारी आधी वाटीभर अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, लिंबू पिळून. मग फोडी व्यवस्थित, त्यात तुम्ही कधी हात आखडला नाहीत, कारण पोट भरतं ते त्यानंच. तांबडा रस्सा तुम्ही सकाळीच करून गार करायचात, वर आलेला थर पळीनं काढायचात आणि मग पुन्हा उकळी. चव तसूभर कमी नाही. पांढऱ्या रश्शाबद्दल मात्र तुम्ही कडक. मला तो बिचारा निरुपद्रवी वाटायचा, आजाऱ्याला द्यावा असा. "पांढरा हाय म्हणून हलका न्हाई. नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस, सगळं त्यातच की." एक वाटी. दुसरी मागितली की तुम्ही बहिऱ्या व्हायचात.

एका रविवारी सगळे उठून गेल्यावर तुम्ही तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितलीत. ती इथं लिहू का, हे काकांना विचारून घेतलंय. तालमीतले पैलवान, पहाटे जोर-बैठका, लाल मातीत तास न् तास, आणि त्याला शोभेल असा खुराक: तूप, बदामाची थंडाई, संध्याकाळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. पुढं खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. "मेहनत सुटली, खुराक न्हाई सुटला," म्हणालात. दूध तेवढंच, तूप तेवढंच, आणि लोक कौतुकानं म्हणायचे, पैलवान गडी हाय, खाऊ दे. शेवटी साखरेनं पाय नेला. या गावात खाण्याला इतका मान आहे की कमी खाणाऱ्याकडं लोक आजारी असल्यासारखं बघतात. खासबागेचं कुस्तीचं मैदान ज्या गावात आहे तिथं हे होणारच. पण मेहनतीच्या हिशेबानं बांधलेला खुराक दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्यानं खायचा, हे कुठल्याच वस्तादानं सांगितलेलं नाही. त्या दिवशी मला कळलं की माझा कागद बघून तुम्ही गप्प का झाला होतात.

आता काकांचे आभार, जे त्यांना आवडणार नाहीत. केएमटीच्या शहर बसमध्ये आयुष्यभर लोकांना "पुढं सरका" म्हणून झाल्यावर निवृत्तीनंतर त्यांनी तेच माझ्यावर चालवलं. पहाटे साडेपाचला खोलीखाली उभे. हाक नाही, फक्त खोकणं. मग रंकाळा. सुरुवातीला संध्यामठापर्यंत जाऊन मागं फिरायचं, त्याच्यापुढं मला दम लागायचा. त्यांनी कधी घाई केली नाही. त्यांचा नियम एकच: "बोलता आलं पायजे, गाता येऊ ने." चालण्याचा वेग बरोबर आहे का हे ओळखायची यापेक्षा सोपी खूण मला घड्याळातल्या यंत्रानंही दिली नाही. आठवड्याला १५० मिनिटं असं चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. आकडा ऐकून छाती दडपते, पण काकांच्या शेजारी राजकारणावर बोलत चाललं की अर्धा तास कुठं जातो कळत नाही. शालिनी पॅलेसच्या बाजूला आलो की ते कुस्तीवर यायचे. "खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य मारलं ते ५७ किलोच्या गटात. पैलवान म्हंजे पोट असं कुणी सांगितलं तुला?"

चालणं अंगवळणी पडल्यावर त्यांनी बैठका सुरू केल्या. माझ्या वजनाला गुडघे झेपणार नाहीत म्हणून आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. जोर जमिनीवर नाही, भिंतीला हात लावून. तालमीतल्या कुणी बघितलं असतं तर हसला असता, पण काका म्हणाले ते खरं निघालं. नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि माणूस बारीक होण्याऐवजी मलूल होतो. आठवड्यातनं दोन-तीन वेळा ताकदीचा व्यायाम हवाच. पावसाळ्यात रंकाळ्यावर उभं राहवत नाही असे दिवस आले, तेव्हा तुमच्या वाड्याचा जिना होता. भाडेकरूंना वाटायचं, ह्याचं काहीतरी हरवलंय.

रात्रीचं जेवण झालं की सरळ खोलीवर जायचं नाही, हा तुमचा हुकूम. महाद्वारापर्यंत जायचं, अंबाबाईला बाहेरूनच हात जोडायचे, परत यायचं. नास्तिकांनाही चालेल असं हे व्रत आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखरेला आवर बसतो.

चहाबद्दल थोडक्यात. आमच्या फाउंड्रीत कपाला दोन चमचे साखर असते, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास, आणि दिवसाला चार कप सहज होतात. देशाच्या पोषण संस्थेच्या सल्ल्यात दिवसाची साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत आहे. मी शहाणपणा करून गुळाच्या चहावर गेलो. कोल्हापूरचा गूळ, त्यात काय वाईट असणार? तुम्ही म्हणालात, "गूळ आपलाच हाय रं, पण गोडच हाय." कॅलरीत दोघांत फारसा फरक नाही. आता दोनच कप, एक चमचा घालून, आणि तो चमचाही तुम्ही बघत नसताना भरत नाही.

अडलं ते श्रावणात. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते उगीच नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू, आणि मनाला वाटतं आज उपास आहे. पाठोपाठ गणपती, मोदक. काटा हलेना. एक ओळखीचा गृहस्थ त्याच सुमाराला पावडरचा डबा घेऊन आला. सकाळ-संध्याकाळ हेच प्यायचं, जेवायचं नाही, महिन्यात दहा किलो. डबा तुम्ही हातात घेतलात, किंमत वाचलीत आणि एवढंच विचारलंत, "पावडर संपल्यावर काय खायचं?" त्याच्याकडं उत्तर नव्हतं. मग तुम्ही उपासाला वरी आणि दाण्याची आमटी, तीही मोजकी, आणि सोबत वाटीभर दही दिलंत. काट्यावर रोज चढायचं नाही, रविवारी सकाळी एकदाच, असा नियमही तेव्हाचाच. आठवड्याला अर्धा किलो उतरला तर पुष्कळ झालं आणि एखादा आठवडा कोरडा गेला तर जाऊ दे, हे तुम्ही इतक्या सहज म्हणायचात की मला उधारी माफ झाल्यासारखं वाटायचं.

मावशी, आज वजन ८५ आहे. म्हणजे मी काही काटकुळा झालेलो नाही, कंबरही अजून ९० वर आली नाही. पण नव्वदीच्या घरातल्या माणसानं पाच-सहा किलो जरी उतरवले तरी शरीराला ते कळतं, हे नव्या कागदावर दिसलं: एचबीएवनसी ५.६. हा आकडा मागच्या जवळपास तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळं तपासणीआधी आठवडाभर शहाण्यासारखं वागून तो फसवता येत नाही. तो कागद मी तुम्हाला दाखवला तेव्हा तुम्ही चष्मा शोधायला आत गेलात आणि बराच वेळ आला नाहीत. नंतर बाहेर येऊन ओरडलात, "बघत काय बसलायस, ताट गार हुतंय."

पुढच्या महिन्यात हिची बदली करवीरला होतेय. घर फुलेवाडीला बघितलंय. म्हणजे दोन वेळचं तुमच्याकडचं जेवण सुटणार, याचा आनंद कसा मानायचा ते कळत नाही. रविवार मात्र मी सोडणार नाही. पोरांना घेऊन येईन. काकांना सांगा, पहाटेचं खोकणं चालू ठेवा, फुलेवाडीहून मीच रंकाळ्यावर येतो.

आणि एक काम राहिलंय. आम्हा सगळ्यांची ताटं लावून झाल्यावर तुम्ही स्वतः दुपारी चारला उरलेला भात आणि चहा घेता, हे मी इतके दिवस बघतोय. वडिलांना साखर होती, तुम्ही आजपर्यंत एकदाही तपासलेली नाही. काका आणि सूनबाई माझ्या बाजूनं आहेत. सोमवारी मेस बंद असते. सकाळी आठला रिक्षा घेऊन येतोय. एचबीएवनसीच्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा "मला चक्कर येती" हे कारण चालणार नाही.

तुमचा,
खिडकीजवळच्या टेबलावरचा आजरेकर